वाण्याची वही आणि आपली वही

प्रत्येक वस्तीत किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक लांबट, कोपरे मळलेली वही असते. त्या वहीत आपल्या घराचा हिशेब असतो. कोणत्या दिवशी तेल नेले, कधी साखर नेली, पोरांनी बिस्किटांचे किती पुडे नेले, सगळे तिथे लिहिलेले असते. पगार झाला की दुकानदार बेरीज सांगतो आणि आपण पैसे मोजून देतो. ती बेरीज पडताळून पाहायला आपल्या घरात मात्र दुसरी वही नसते. आता पुष्कळ ठिकाणी पैसे मोबाईलवरून जातात, इतकाच काय तो फरक.

आपल्या आजे-पणज्यांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठत असे, कारण त्यांना अक्षर येऊ दिले नव्हते. आज आपल्या घराघरात शिकलेली मुले-मुली आहेत. ज्या महामानवाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्या अनुयायांच्या घरी रुपयाचा हिशेब नसावा, ही गोष्ट आम्हाला बोचते. म्हणून आज घरखर्चाविषयी आणि स्वयंपाकघराविषयी चार शब्द.

उष्ट्या तुकड्यापासून स्वतःच्या पिठापर्यंत

काही जणांना वाटेल, समाजासमोर एवढे मोठे प्रश्न असताना हा डाळ-तांदळाचा विषय कशाला? पण आपला इतिहास पाहा. गावगाड्यात आपल्या माणसांच्या हाती रोख पैसा क्वचितच येई. बलुत्याचे धान्य खळ्यावर मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. दारोदार भाकरी मागणे हा आपला हक्क आहे, असे आपल्यालाच वाटू लागले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे सांगितले. घरात दाणा नसताना हे सोडणे सोपे नव्हते. तरी आपल्या लोकांनी ते सोडले. त्यांनी सोसले म्हणून आज आपण घामाच्या पैशाने दळण आणतो. तो पैसा कुठे जातो हे पाहणे ही त्यांचीच राहिलेली जबाबदारी आहे.

तथागतांनी सिगालाला काय सांगितले?

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. त्यात संसाराचा हिशेबही आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग रोजच्या गरजांसाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. संपत्ती कोणत्या वाटांनी गळते हेही तिथे सांगितले आहे. दारू, अवेळी भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस अशा त्या सहा वाटा होत.

कोणी म्हणेल, पंधरा-अठरा हजारांत घरभाडे, शाळा आणि किराणा भागवताना चौथा भाग कुठून काढायचा? खरे आहे. एवढ्या पगारात चौथा भाग निघत नाही. विसावा भाग निघाला तरी सुरुवात झाली म्हणायची. कामधंद्याच्या दोन भागांचा अर्थ आम्ही नोकरदार-मजुरांसाठी मुलांचे शिक्षण असा लावतो, कारण आपले भांडवल तेच आहे.

याच उपदेशातील एका वाक्याकडे आपण पुरुषमंडळी सोयीस्कर दुर्लक्ष करतो. पतीची पाच कर्तव्ये सांगताना तथागतांनी घरातील अधिकार पत्नीच्या हाती सोपवावा, असेही सांगितले आहे. वंदनेला हात जोडायचे आणि घरी आल्यावर बायकोला शंभर-शंभर रुपये मोजून द्यायचे, हे त्या उपदेशात बसत नाही. पगार एकत्र ठेवावा आणि खर्च दोघांनी मिळून ठरवावा.

काटकसर कोणाच्या ताटातून?

आता मूळ मुद्दा. आपल्या बहुतेक घरांत काटकसर होते, पण ती कुठे होते? नवऱ्याला कामावर जायचे असते, त्याचे ताट आधी. मग मुले, मग सासू-सासरे. सगळ्यांचे झाल्यावर घरची बाई बसते. तोवर भाजी संपलेली असते. तव्यावरची शेवटची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कोरा चहा. महिनाअखेर आली की हे जेवणही अर्धे होते. त्यालाच आपण ‘बाई संसाराला फार जपते’ असे कौतुकाने म्हणतो.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. यात आपल्या आया-बहिणी आहेत. चक्कर, धाप, बाळंतपणातले हाल यांचे मूळ पुष्कळदा याच शेवटच्या ताटात असते. मग दवाखान्यात जो खर्च होतो, तो वर्षभराच्या बचतीला गिळून टाकतो.

काही जण इथे माता रमाईंचा दाखला देतात. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, उपास काढले, बाबासाहेब परदेशी शिकत असताना कळ सोसली. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस होते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. त्यांचे नाव घेऊन आजच्या सुनेला अर्धपोटी ठेवणे हा त्यांचा गौरव होऊ शकत नाही. जी बचत बाईच्या ताटातून होते तिला आम्ही बचत म्हणत नाही. ते न लिहिलेले कर्ज आहे.

वही कशी लिहावी?

दोनशे पानी साधी वही पुरे. पानावर चार रकाने आखावेत. तारीख, वस्तू, वजन आणि पैसे. उधारीवर आणले तरी त्याच दिवशी लिहावे. सातवी-आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे, म्हणजे गणितही पक्के होते. महिन्याच्या शेवटी खर्चाच्या तीन बेरजा कराव्यात. पहिली पोटाच्या खर्चाची, म्हणजे धान्य, डाळ, तेल, भाजी, अंडी, गॅस. दुसरी सवयीच्या खर्चाची, म्हणजे तंबाखू, बाहेरचा चहा, वेफर्सची पाकिटे. तिसरी लोकलाजेच्या खर्चाची, म्हणजे वाढदिवसाचे केक, बारशा-साखरपुड्याचे जेवण, उसनवारीचा आहेर. उपासतापास आणि श्राद्ध-पक्ष १९५६ च्या दीक्षेनंतर आपण सोडले, पण त्यातून वाचलेला पैसा डीजेत घालवला तर मिळवले काय?

आमच्या वस्तीतील एका भगिनीने अशी वही चार महिने लिहिली. नवरा टेम्पोवर हमाली करतो, ती तीन घरची धुणीभांडी करते. दोन मुले, एक सासू. पहिल्या महिन्याची बेरीज तिच्या सातवीतल्या मुलीने केली. डाळ-कडधान्यावर ४२० रुपये आणि पुड्या, वेफर्स, बाहेरचा चहा-वडापाव मिळून १,७६० रुपये. नवऱ्याने आकडा पाहिला आणि गप्प बसला. एरवी यावरून भांडण झाले असते, पण आकडा पोरीच्या अक्षरात होता. चौथ्या महिन्यात डाळीचा आकडा दुप्पट झाला आणि पुड्यांचा निम्म्यावर आला. एकूण खर्च तरीही कमीच भरला.

दिवसाला वीस रुपयांची पुडी म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. मुलाच्या वह्या-पुस्तकांना पैसे नाहीत असे म्हणण्यापूर्वी हा गुणाकार करून पाहावा.

आणखी एक सूचना. वहीच्या शेवटच्या पानावर आठवड्यातून एकदा ‘ताटाचा हिशेब’ लिहावा. अंडे कोणी खाल्ले, डाळ कोणाच्या वाट्याला आली, आईने काय खाल्ले. हे पान खोटे बोलत नाही.

रेशन हे दान नव्हे, हक्क आहे

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ते चालू ठेवण्यात आले आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे ४० ते ४५ किलो धान्य लागते. त्यातले २५ किलो इथेच भागते. म्हणून कार्डावर घरातील प्रत्येकाचे नाव आहे ना, नव्या सुनेचे आणि बाळाचे नाव चढले ना, सर्वांचे ई-केवायसी झाले ना, हे पाहावे. यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी आणि वजन डोळ्यांदेखत करून घ्यावे. गावचे कार्ड असले तरी शहरात धान्य उचलता येते. रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्याला मातीमोल विकून तेच पैसे वाण्याला देणे थांबले पाहिजे.

बाजारात

दहा रुपयांचे पाकीट स्वस्त वाटते. त्यात पंचवीस ग्रॅम वेफर्स असतील तर किलोला ४०० रुपये पडले. शेंगदाणे त्याच्या निम्म्याहून कमी भावात येतात आणि मुलाच्या अंगीही लागतात. हल्ली पाकिटांवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो, तरी वाचावा. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणले की किलोचा भाव कळतो. तेलाची पिशवी घेताना ग्रॅम पाहावेत. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, पण तेवढीच दिसणारी पिशवी कमी वजनाची असू शकते. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून गव्हाचे पोते, कांद्याची गोण, उन्हाळ्यात वर्षाची मिरची घ्यावी आणि विहारात वाटून घ्यावी. भाव कमी पडतो आणि वाण्याची उधारीही सुटते. बचत गटाचे पैसे अशा कामी यावेत. साप्ताहिक हप्त्याचे कर्ज काढून किराणा भरणे म्हणजे उद्याचे जेवण आज विकणे होय.

चुलीवर

पाच माणसांना महिन्याला तीन लिटर तेल पुरते आणि एक किलो मीठ तर उरते. वाचलेला पैसा डाळ-कडधान्याकडे वळवावा. ते माणशी रोज ५० ग्रॅम धरले तरी महिन्याला साडेसात किलो होते. तूरडाळ महाग झाली की मसूर, मटकी, चवळी आणि हुलगे आलटून पालटून वापरावेत. हुलग्याचे पिठले आणि ज्वारीची भाकरी खाऊन माणूस दिवसभर काम करू शकतो. शंभर ग्रॅम सोयावडीत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. ती गरम पाण्यात भिजवून, पिळून, मटणासारखी रश्श्यात करावी. आठवड्यातून दोनदा अंडी, एकदा वजडी किंवा पोटा-कलेजी, पावसाळ्यात जवळा-सुकट. सुकट कोरडी भाजून, कांदा, मिरची, चिंच घालून परतली की एका मुठीत घरभर कालवण होते.

खोबरे-काजूचे वाटण परवडत नसेल तर आपल्या आज्यांचे येसर आठवावे. धान्य आणि मसाला भाजून दळलेले ते पीठ दोन चमचे घातले की रस्सा दाट होतो. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या स्वयंपाकाची अशी नोंद आहे. या पदार्थांची लाज वाटण्याचे कारण नाही.

पालेभाजी संध्याकाळी उतरत्या भावात मिळते. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, मुळ्याची पाने आणि पावसाळ्यात टाकळा हे रक्त वाढवणारे अन्न आहे. भाजी लोखंडी कढईत करावी आणि वर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. डाळ अर्धा तास भिजवावी, भात-डाळ एकाच कुकरात लावावी, शिट्टी झाली की आच बारीक करावी. सिलिंडर चार-सहा दिवस जास्त जातो.

येत्या पगारापासून

आमची विनंती एवढीच. येत्या पगाराच्या दिवशी घरात एक वही आणावी. पहिल्या पानावर नवरा-बायको दोघांनी सही करावी. महिला मंडळांनी महिन्यातून एकदा विहारात वह्यांची बैठक घ्यावी आणि ज्या भगिनींना लिहिता येत नाही त्यांना तिथेच लिहायला शिकवावे. पुरुषांनीही त्या बैठकीला यावे, मागच्या सतरंजीवर बसले तरी चालेल. आणि त्या रात्रीपासून घरात सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, घरच्या बाईसह. डाळ थोडी असेल तर सर्वांच्या वाटीत थोडी थोडी यावी.

जयभीम!