५१ पैकी ९

"पाटनच्या मावशींची कातडी आता बरीच सैल झालीय, पण मटाराची शेंग सोलता येत नाही," जबलपूरच्या एक फिजिओथेरपिस्ट ताई बोलता बोलता म्हणाल्या. पाटन म्हणजे मटाराचा मुलूख, हिवाळ्यात बाजारात हिरव्या गोण्यांशिवाय काही दिसत नाही. आजार उतरणीला लागलाय, मग शेंग का सोलवत नाही? ते बघायलाच ताईंच्या मागे गेलो.

मावशींचं माहेर नागपूरकडचं. सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयव ताठरवणारा आजार, जडून बारा वर्षं झाली. पहाटे दवानं ओल्या शेंगा तोडताना बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी, मग लाल. "गारठ्यानं होतंय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं." पुढे बोटांत अंगठी अडकली आणि कातडी ताठरली.

ताई चिमटीत कातडी धरून बघतात. अंगावरच्या १७ जागा, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण ५१. मावशींचे एकेकाळी २८ होते, आता ९. "५१ पैकी ९," मुलगा निकाल सांगावा तसा सांगतो. बऱ्याच रुग्णांत पहिल्या काही वर्षांनंतर कातडी अशी सैलावते.

"हात जोडा," ताई म्हणाल्या. मावशींनी जोडले. मनगटं टेकली, बोटांची टोकं टेकली, मधे पोकळी राहिली. कातडी ताठ होती त्या वर्षांत सांधे वाकलेले राहिले, शिरा आखडल्या. कातडी सुटली तरी ते सुटले नाहीत. बोटांच्या टोकांना झालेल्या जखमा भरताना तिथलं मांस झिजलं, चिमूट धरायला उरलंच काय? त्या पोकळीपुढे ९ हा आकडा मला खोटा वाटू लागला.

रोजची कामं किती जमतात याची प्रश्नावलीही झाली. मूळ अमेरिकन यादीत दुधाचं नवं खोकं उघडता येतं का, मांस कापता येतं का, असे प्रश्न आहेत. पाटनला रतीबाचं दूध येतं. ताई विचारतात ते वेगळं: बुचडा बांधता येतो? मांडी घालून बसता येतं? भाकरीचा घास तोंडात मावतो? मावशींचं तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. छातीत जळजळ होते म्हणून उशाला विटा देऊन पलंग उंच केलाय. फुप्फुसंही ताठरलीत, अंगण झाडताना धाप लागते.

मग मेण. पातेल्यात वितळवून, सोसेल इतकं कोमट करून त्यात हात बुडवायचे. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीसारखा तो वास खोलीभर राहिला आणि माझ्या कपड्यांतही. जखम उघडी असेल तर मेण नाही. नंतर एकेक बोट ताणायचं. रोज. मावशी डोळे मिटून घेतात, हूं की चूं करत नाहीत.

दिव्यांगत्वाचा दाखला अजून नाही. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, सिस्टेमिक स्क्लेरोसिसचं नाही. म्हणजे हातापायांच्या अपंगत्वाखाली अर्ज करायचा आणि सवलतींसाठी ४० टक्के भरवायचे. पण सांध्यांची वाक मोजणाऱ्या कोनमापकानं धाप, जळजळ, थकवा मोजता येत नाहीत. मुलगा पुन्हा म्हणाला, "५१ पैकी ९, म्हणजे बरंच ना?" ताईंनी उत्तर दिलं नाही.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, अंगठी घट्ट होत असेल, तर गारठ्यावर ढकलू नका. संधिवाततज्ज्ञाला दाखवा, फुप्फुसांची तपासणी करून घ्या, आणि बोटं वळताहेत तोवरच व्यायाम सुरू करा.