मुक्ताईनगरचं ऊन आणि माणसाचं शरीर

मुक्ताईनगर तालुक्याच्या पंचांगातल्या दोन मोठ्या तिथी ऐन उन्हाळ्यात येतात. वैशाख वद्य दशमीला संत मुक्ताबाईंचा अंतर्धान सोहळा असतो. परंपरेनुसार शके 1219 मध्ये, म्हणजे इ. स. 1297 मध्ये, तापीकाठी मेहूण इथे विजेच्या कडकडाटात त्या गुप्त झाल्या. त्यानंतर ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड असा पाचशे किलोमीटरांहून लांबचा पल्ला ती महिनाभर चालते. पहिले मुक्काम पडतात तेव्हा पावसाचा भरवसा नसतो. साठी-सत्तरीतले वारकरी तापलेल्या डांबरावरून चालत असतात.

याच दिवसांत शिवारातली कामंही थांबत नाहीत. केळीचे घड कापून ते खांद्यावरून मालमोटारीपर्यंत न्यायचे असतात. मेअखेरीस ठिबकावर पूर्वहंगामी कापसाची लागवड सुरू होते. वीटभट्ट्या चालू असतात आणि लग्नसराई तर भर दुपारच्या मुहूर्तांची. म्हणजे इथला माणूस वर्षातलं बरंचसं कष्टाचं काम सर्वांत वाईट हवेत करतो. असं असूनही ताप, डेंग्यू, काविळीबद्दल आपण जेवढं बोलतो, त्याच्या पावपटही उन्हाच्या आजाराबद्दल बोलत नाही. ऊन ही हवा आहे, आजार नव्हे, असं आपण धरून चालतो. लोकांचे जीव या समजुतीमुळे जातात.

एवढं ऊन येतं कुठून?

खानदेश म्हणजे तापी-पूर्णेचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे काळ्या मातीची सपाटी. समुद्र दूर असल्याने दुपारचा गार वारा इथवर पोहोचत नाही. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारी हवा कोरडी असते. मुक्ताईनगर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. रानं तेव्हा उघडी असतात आणि काळी माती ऊन शोषून घेते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपुढे जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही, ते यामुळे. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात प्रत्यक्ष तापमान 45 अंशांवर गेलं की उष्णतेची लाट आणि 47 वर गेलं की तीव्र लाट धरतात.

शरीर स्वतःला गार कसं ठेवतं?

आपल्या शरीराचं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राहावं लागतं. कष्टाचं काम करणारा माणूस तासाला तीन-चारशे किलोकॅलरी उष्णता आतूनच तयार करतो. ती बाहेर टाकायला शरीर आधी त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. बाहेरची हवा अंगापेक्षा गार असेल, तर एवढ्याने भागतं. त्वचा साधारण 35 अंशांची असते. हवा 44 अंशांची झाली की उष्णता उलट अंगात शिरू लागते आणि शरीराकडे घाम हा एकच मार्ग उरतो. माठातलं पाणी पाझरून, वाळून आतलं पाणी गार करतं, तेच काम घाम करतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

इथे दोन अटी आहेत. घाम यायला अंगात पाणी आणि मीठ हवं, आणि आलेला घाम वाळायला हवा. खानदेशच्या कोरड्या हवेत तो इतका झटकन वाळतो की किती पाणी गेलं हे कळतच नाही. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. केळीच्या दाट बागेत गोष्ट वेगळी असते. ठिबकाची ओल, पानांचा दमटपणा आणि वारा अडवायला लावलेलं शेवरीचं कुंपण यांमुळे सावली असूनही घाम वाळत नाही, नुसता निथळतो. निथळलेला घाम अंग गार करत नाही.

दमट हवा किती घातक असते, हे 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला दिसलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. तिथला पारा 38 अंशांच्या आसपास होता. जळगावकर त्याला उन्हाळाही म्हणणार नाही. पण 14 माणसं दगावली.

चार पायऱ्या

उन्हाचे विकार पायरीपायरीने वाढतात. पहिली पायरी घामोळ्यांची. दुसरी पेटक्यांची: घामावाटे मीठ जातं, भरपाई मात्र नुसत्या पाण्याने होते आणि पोटऱ्या, मांड्या, पोटाचे स्नायू आखडतात. तिसरी पायरी उष्णतेने गळून जाण्याची. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, नाडी जलद चालते, अंग ओलं आणि चिकट लागतं. इथपर्यंत माणूस शुद्धीत असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करून पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारावं आणि घोटघोट मीठ-साखरेचं पाणी पाजावं. बहुतेकांना तासाभरात हुशारी येते. तशी न आल्यास दवाखाना गाठावा.

चौथी पायरी म्हणजे उष्माघात. शरीराचं आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदू बिघडू लागतो. तिसरी आणि चौथी पायरी ओळखायची खूण एकच, ती म्हणजे माणसाचं वागणं. तो असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. आतड्यांचा रक्तपुरवठा कमी झाल्याने त्यांचं अस्तर सैल पडतं आणि जंतूंची विषं रक्तात उतरतात. मूत्रपिंडं, यकृत आणि रक्त गोठवणारी यंत्रणा एकामागून एक कोलमडते.

इथे तीन गैरसमज महागात पडतात. पहिला, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. घरात बसलेल्या वृद्धाला उष्माघात होतो तेव्हा त्वचा बहुधा कोरडी असते, पण काम करताना कोसळलेल्या तरुणाचं अंग घामाने भिजलेलं असू शकतं. दुसरा, काखेत थर्मामीटर लावून 101 आला म्हणजे फार काही नाही. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा बराच कमी येऊ शकतो. तिसरा, तापाची गोळी दिली की उतरेल. जंतूंमुळे येणाऱ्या तापात मेंदूच तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो आणि पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात मेंदूने पातळी वाढवलेली नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही. आधीच ताणलेल्या यकृतावर मात्र भार पडतो.

आधी गार करा, मग हलवा

उष्माघातात माणूस वाचेल की नाही, हे तापमान किती उंच गेलं यापेक्षा ते किती वेळ उंच राहिलं यावर अधिक ठरतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमाउथ गावात दर उन्हाळ्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथे 18 वर्षांत उष्माघाताचे 274 रुग्ण नोंदले गेले. सगळ्यांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि त्यांतला एकही दगावला नाही. सूत्र साधं होतं: तापमान अर्ध्या तासात उतरवायचं आणि मग रुग्णालयात न्यायचं.

आपल्याकडे नेमकं उलट घडतं. माणूस कोसळला की धावपळ होते ती गाडीसाठी. तापलेल्या जीपमध्ये चौघांच्या मधे त्याला बसवतात आणि रुग्णालय येईपर्यंत मोलाचा अर्धा तास निघून जातो. खरं तर शेतात बहुतेक साधनं हाताशी असतात. ताडपत्रीवर माणसाला निजवा, चार जणांनी कडा उचलून खोळ करा आणि डोकं वर ठेवून आत पाणी ओता. बर्फ मिळाला तर तोही टाका. विहिरीची मोटर चालू असेल तर पाण्याची धार सोडा, मात्र नळीतलं तापलेलं पाणी आधी वाहू द्या. म्हाताऱ्या माणसाला ओली चादर गुंडाळून पंखा घाला आणि चादर सतत भिजवत राहा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. हे चालू असतानाच कुणीतरी 108 ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे. उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्षही उघडले जातात.

कांदा, पन्हं आणि कुलर

घरगुती उपायांतले काही शास्त्राला धरून आहेत. कैरीच्या पन्ह्यात पाणी, साखर वा गूळ आणि मीठ असतं, मीठ घातलेलं ताकही चांगलं. ओआरएसची पुडी मिळाल्यास उत्तम. नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरे. साखर मिठाला आतड्यातून रक्तात ओढून नेते आणि मिठामागे पाणी जातं. 1971 च्या बांगलादेश युद्धावेळी निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. डोक्याचा रुमाल भिजवून बांधणं हाही खरा उपाय आहे. कांदा जेवणात जरूर खावा, पण खिशात ठेवलेल्या कांद्याने ऊन अडत नाही. कोरड्या हवेत कुलर चांगलं काम करतो. नुसत्या पंख्याचा भरवसा मात्र 40 अंशांच्या पुढे धरू नये, तो गरम हवाच अंगावर फेकतो.

काहींना धोका जास्त असतो. म्हातारपणी तहान कमी लागते. तान्ही बाळं आपणहून पाणी मागू शकत नाहीत. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्या शरीराची गार होण्याची ताकद कमी करतात. त्या मनाने बंद करू नयेत, मात्र उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. दोन-तीन आठवडे उन्हापासून दूर राहिलं की ही सवय मोडते. पुण्याहून लग्नाला आलेला तरुण आणि आजारपणानंतर कामावर परतलेला मजूर, दोघेही या बाबतीत नवखेच. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या मते, उघड्यावर काम करताना उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात.

उन्हाचा आणखी एक त्रास सावकाश येतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि मुतखडा होतो. कंबरेतून जांघेकडे जाणारी असह्य कळ आणि लालसर लघवी ही त्याची लक्षणं. एकदा खडा झालेल्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. सगळ्यांसाठी सोपी परीक्षा रंगाची: लघवी फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

मोजलं तर कळेल

उन्हाने गेलेला माणूस कागदावर बहुधा ‘हृदयविकार’ म्हणून जातो. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशांवर गेला होता. त्या महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्यावर संशोधकांना 1,344 मृत्यू जास्तीचे आढळले. त्यातून 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला: लाटेचा आगाऊ इशारा, पाणपोया, डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि पुढे छतांना पांढरा रंग. नंतरच्या अभ्यासाने वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज दिला.

मुक्ताईनगरला हे जमणार नाही असं काही नाही. खानदेशातली जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड छपरामुळे दुपारी गार राहायची. त्यांच्या जागी आलेले पत्रे घराची भट्टी करतात. पत्र्यावर दिलेला चुन्याचा हात निदान काही उष्णता परतवतो. कामाच्या वेळा मालकाच्या हातात असतात, विसाव्याच्या जागा दिंडीप्रमुखांच्या आणि लग्नाचा मुहूर्त घरच्या वडीलधाऱ्यांच्या.

थंडी सुरू होते तेव्हा ऊन कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तयारीची वेळ मात्र तीच असते. ग्रामपंचायतींनी होळीपूर्वी पाणपोयांच्या जागा ठरवाव्यात, आशाताईंकडे ओआरएसचा साठा द्यावा, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. बागायतदारांनी मार्चपासून दुपारी बारा ते चार काम बंद ठेवावं, नव्या मजुराला पहिला आठवडा हलकं काम द्यावं आणि मजुरी कापू नये. आणि प्रत्येक घरात एवढं माहीत असावं: उन्हात कोसळलेला माणूस बरळू लागला, तर आधी पाणी ओतायचं आणि मग गाडीत घालायचं.