ब्रिटिश शॉर्टहेअरची पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच का दगावतात?

मांजर व्याली. चार पिल्लं, सगळी गुटगुटीत, दूधही छान ओढतायत. दुसऱ्या दिवशी एक सुस्त पडतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तिघं गेलेली असतात. मग दोष एसीवर जातो, कुणाच्या तरी नजरेवर जातो, नाहीतर आईनंच अंगाखाली चिरडली असतील असं ठरतं. ब्रिटिश शॉर्टहेअरच्या बाबतीत मात्र एक संशय आधी घ्यायला हवा, तो म्हणजे रक्तगटाचा.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या दिघ्यासारख्या दाटीवाटीच्या भागात वन-रूम-किचनमध्ये कुत्रा सांभाळणं अवघड, मांजर मावते. त्यातही आखूड केसांची बरी, कारण पर्शियनसारखे रोज गुंते सोडवावे लागत नाहीत. मग वर्षभरात 'एकदा पिल्लं घेऊ या' असं घरात ठरतं, ओळखीतला बोका शोधला जातो आणि दोघांचा फक्त रंग आणि चेहरा जुळवला जातो.

मांजरांचे मुख्य रक्तगट दोन, ए आणि बी. एबी फार क्वचित सापडतो. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धच्या तीव्र अँटिबॉडी मुळातच असतात. तिचं लग्न ए गटाच्या बोक्याशी लागलं तर सगळी किंवा बरीच पिल्लं ए गटाची होतात. पोटात असेपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या दुधानं. गाय व्याल्यावर येणाऱ्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक मांजरीलाही येतो. एरवी पिल्लाला रोगांपासून वाचवणाऱ्या अँटिबॉडी त्यातूनच मिळतात. इथे त्याच चिकातून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाच्या लाल पेशी फोडायला लागतात. लघवी तांबूस-तपकिरी होते, कावीळ दिसते, काही पिल्लं लक्षण दिसायच्या आधीच जातात. जी वाचतात त्यांच्यातल्या काहींचं शेपटीचं टोक काळं पडून गळतं. डॉक्टर याला निओनेटल आयसोएरिथ्रोलिसिस म्हणतात.

माणसांतला 'आरएच निगेटिव्ह आई' हा प्रकार ऐकलेला असेल. तिथे पहिलं बाळ बहुतेक वेळा सुटतं. मांजरींत पहिल्याच वेताला फटका बसतो.

साध्या गावठी मांजरांत बी गट बहुतेक ठिकाणी कमी आढळतो आणि सयामी जवळजवळ सगळ्या ए. ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये मात्र परदेशी पाहण्यांत तीनात एक किंवा त्याहूनही जास्त मांजरं बी निघाली आहेत. त्यामुळे या जातीत न तपासता जोडी लावणं म्हणजे सरळ जुगार आहे.

तपासणी सोपी आहे: पशुवैद्याकडे रक्ताचा थेंब घेऊन कार्ड किटवर, किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन लॅबमध्ये. प्रत्येक दवाखान्यात किट असेलच असं नाही, आधी फोन करावा. बी मादीला बी बोकाच द्यावा. चुकून ए बोक्याकडून गाभण राहिलीच, तर हाताशी साधारण 63 ते 65 दिवस असतात. अशा वेळी पिल्लं जन्मताच आईपासून वेगळी करून पहिले 24 तास मांजरांसाठीच्या दूध पावडरवर, दर दोन-तीन तासांनी पाजून ठेवतात, मग आईकडे सोडतात. हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं काम आहे, रात्री दोन वाजता गूगल करण्याचं नाही.

दुसरी तपासणी पीकेडीची, म्हणजे किडनीत गाठी होण्याच्या आजाराची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश शॉर्टहेअर इतक्या कमी उरल्या की त्यांचा पर्शियनशी संकर झाला. पर्शियनमध्ये हा आजार फार. एका पालकाकडून जनुक आलं तरी पुरतं आणि लक्षणं बरीच वर्षं दिसत नाहीत, तोवर पिल्लं विकूनही झालेली असतात. याचीही जनुकीय चाचणी आहे. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डबद्दल तर बोलायलाच नको: कान वाकवणारं जनुकच सांधे आणि हाडंही बिघडवतं.

'पेपरवाली मांजर' म्हणून विकताना अनेकदा फक्त लसीचं बुक हातात दिलं जातं. ते पेडिग्री नव्हे. पेडिग्री म्हणजे नोंदणी संस्थेनं दिलेली मागच्या काही पिढ्यांची वंशावळ. अमेरिकेची सीएफए 1906 पासून, ब्रिटनची जीसीसीएफ 1910 पासून अशा नोंदी ठेवते. 'डॉल फेस', 'पंच फेस' ही बाजारातली नावं आहेत, त्यांवरून आई-बाप कोण ते कळत नाही.

कुत्र्यांच्या ब्रीडरसाठी केंद्रानं 2017 मध्ये नियम केले, पेट शॉपसाठी 2018 मध्ये. घरात मांजरींची पैदास करणाऱ्यांसाठी कुत्र्यांसारखे स्वतंत्र नियम नाहीत. त्यामुळे पिल्लू घेताना आईचा-बापाचा रक्तगट आणि पीकेडीचा रिपोर्ट मागायचा तो घेणाऱ्यानंच.