भक्षक पेशीच्या पोटांत

परीक्षानळींत जी धूळ विरघळत नाहीं, ती फुप्फुसांतही निरुपद्रवी राहील असें मानणें धोक्याचें आहे. चिनी मातीच्या भांड्यांना निळा रंग देणारें कोबाल्ट ऑक्साइड घ्या. त्याची धूळ कामगाराच्या श्वासाबरोबर आंत जाते. फुप्फुसांतील रसाची नक्कल म्हणून प्रयोगशाळेंत जें ‘गॅम्बल द्रावण’ वापरतात, तें पीएच ७.४ च्या आसपासचें, म्हणजे किंचित् अल्कधर्मी. त्यांत हे कण जवळजवळ जसेच्या तसे राहतात. परंतु फुप्फुसांतील भक्षक पेशी ते गिळतात, आणि पेशीच्या पोटांतील पिशवींत पीएच ४.५ ते ५ पर्यंत उतरतो. चिंचेच्या कोळानें तांब्याचें भांडें उजळतें, तसाच हा प्रकार! त्या आम्लांत कण हळूहळू झिजतो, कोबाल्ट मोकळा होतो, आणि रक्षण करणारी पेशीच प्रथम बळी पडते. आतां तशा आम्ल द्रावणांतही चाचणी घेतात. पण ती बहुधा कांहीं तासांची वा दिवसांची, आणि गिळलेला कण तर फुप्फुसांत महिनोन्‌महिने मुक्काम करतो.