नाव चोरीला जाते तेव्हा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे मातीला मिळाली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले. पण जमीनधारणेच्या हिशेबाने घरे वाटली गेल्याने जुन्या गल्लीतला शेजार मोडला. त्या गल्लीतही कुचाळक्या होत्याच. मात्र कोण बोलले ते कळायचे, चारचौघांत त्याला जाब विचारता यायचा. आज चावडी खिशातल्या फोनमध्ये आली आहे, आणि तिथे बदनामी करणारा दुसऱ्याचाच मुखवटा लावून बोलतो.

एखाद्या मुलीचा फोटो उचलायचा, तिच्या नावाने फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर खाते उघडायचे आणि गावभर भलतेसलते संदेश पाठवायचे. कारण लग्नाला मिळालेला नकार असेल, भाऊबंदकी असेल, नाहीतर निवडणुकीतला राग. पकडले गेल्यावर उत्तर एकच, ‘गंमत केली!’

माझी नोकरी बँकेत गेली. नमुना सहीशी सही ताडून पाहणे हा रोजचा उद्योग. खोटी सही करून कुणाच्या खात्यातले पैसे काढणे हा गुन्हा आहे, हे सर्वांना पटते. खोट्या खात्यावरून कुणाची इज्जत काढणे हाही त्याच कुळीचा गुन्हा आहे.

कायद्याने तो तसाच मानला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे, कुणाच्या लौकिकाला बाध यावा म्हणून बनावट दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तयार केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क दुसऱ्याचा पासवर्ड वा डिजिटल ओळख लबाडीने वापरणाऱ्यासाठी, तर ६६-ड संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यासाठी आहे. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मजकूर अश्लील असेल तर कलम ६७ लागते. बदनामीचे कलम ३५६ आहेच.

हे केवळ पुस्तकातले कायदे नव्हेत. २००४ साली चेन्नईतील एका घटस्फोटित महिलेने लग्नाला नकार दिला, म्हणून ओळखीच्याच माणसाने तिच्या नावाने ई-मेल खाते उघडले आणि याहूच्या एका गटात अश्लील मजकूर टाकला. तिला नको ते फोन येऊ लागले. तिने फेब्रुवारीत तक्रार केली. पोलिसांनी आरोपीला मुंबईत गाठले. ५ नोव्हेंबरला न्यायालयाने त्याला २ वर्षे सक्तमजुरी सुनावली. त्यात लौकिकाला बाध आणण्यासाठी केलेल्या बनावटीचे जुने कलम ४६९ही होते.

मात्र संशयावरून कुणाला धरू नये. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी झाली, तेव्हा इंटरनेट जोडणीचा चुकीचा तपशील मिळाल्याने पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका निरपराध तरुणाला अटक केली. त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले. म्हणून पुरावा महत्त्वाचा.

रागाच्या भरात काही पुसू नका. खात्याचा पत्ता, संदेश, तारीख-वेळ यांची छायाचित्रे ठेवा. त्या कंपनीकडे तोतया खात्याची तक्रार करा. असा मजकूर ठरावीक मुदतीत हटवण्याचे बंधन २०२१च्या नियमांनी कंपन्यांवर घातले. पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैशांचीही फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवा.

पण खरी अडचण पोलीस ठाण्याच्या अलीकडे, उंबऱ्याच्या आत आहे. गुन्हेगाराला शिक्षा होईल तेव्हा होईल. आपल्याकडे पहिली शिक्षा मुलीलाच मिळते. तिचा फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, घाईने स्थळ पाहिले जाते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने तक्रारच होत नाही, आणि चोर मोकळा राहतो. घरात चोरी झाली तर आपण घरच्याच माणसाला कोंडून ठेवत नाही. नाव चोरीला गेले, तरी तोच न्याय लावावा. मुलगी रडत फोन पुढे करील तेव्हा बापाने आधी ‘तू काय केलंस?’ असे विचारू नये. ‘चल, तक्रार देऊ,’ एवढेच म्हणावे.