पाखरांचा वाटा

पौषातली सकाळ. आमच्या शेतावर उन्हं यायला सात वाजून जातात आणि तोवर सारं शिवार गप्प असतं. मंगळवेढ्याकडची काळी, खोल जमीन. दोन एकर मालदांडी ज्वारी, गोठ्यात खिलार बैलांची जोडी, एक म्हैस, चार शेळ्या आणि खुराड्यात कोंबड्या. एवढाच आमचा पसारा. माझी नोकरी शहरात, पण थंडीतल्या सुट्ट्या मी इथेच काढतो.

आपल्याला वाटतं, थंडीत जनावरं आळसावतात. खरं तर ती ऊब राखत असतात. अब्बा थंडीत संध्याकाळी कडब्याची एक पेंढी जास्त टाकायचे. मला ती नुसती माया वाटायची. पुढे कळलं, त्यात शहाणपणही होतं. वैरण पोटात आंबताना उष्णता तयार होते. रात्री रवंथ करणारा बैल आपली आतली शेगडी पेटती ठेवत असतो. तारेवर फुगून बसलेला होला पिसांत हवा कोंडून घेतो. आपली गोधडी तरी दुसरं काय करते?

ऊन वर आलं की हालचाल सुरू होते. जनावरांच्या पायांनी गवतातले नाकतोडे उडतात, ते टिपायला गायबगळे मागे मागे चालतात. कोतवाल तर म्हशीच्या पाठीवर बसूनच शिकार हेरतो. उत्तरेकडून आलेला धोबी पाटाच्या ओल्या मातीत शेपटी हलवत किडे वेचतो.

आणि मग येतात भोरड्या! गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, हजारोंच्या थव्यानं. यांची वीण मध्य आशियात होते. पावसाळ्यात त्या इकडे यायला लागतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. ज्वारीच्या कणसात दूध भरलं की थवा उतरतो. मग माळ्यावर चढून गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं.

अब्बा मात्र बांधाकडेच्या चार ओळींवर गोफण चालवत नसत. पाखरांनी खाल्लं तो सदका, म्हणायचे. शेजारचे माळकरी काका त्यालाच पाखरांचा वाटा म्हणत. शब्द दोन, हिशेब एकच.

तेव्हा तो हिशेब परवडत होता, कारण सगळ्या शिवारात ज्वारी असायची आणि नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या आजूबाजूला ऊस आणि मका वाढत गेला. दोन वर्षांपूर्वी अख्ख्या थव्याला आमचा एकच तुकडा सापडला. पिशाच्या पिशा झालेली कणसं हातात घेऊन धाकटा भाऊ म्हणाला, “भाई, पुढच्या साली ऊसच लावू.”

त्याचं चुकत नव्हतं. त्याचं घर या शेतावर चालतं. पण ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की बैल विकावे लागतात, आणि बैलांमागे चालणारा बगळाही मग दुसरीकडे जातो.

भोरडीचीही दुसरी बाजू आहे. ती टोळ आणि नाकतोडे फडशा पाडून खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात याच कामासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगड रचून ठेवतात. आपल्याकडे पळस फुलला की ती मध प्यायला येते आणि परागकण या फुलावरून त्या फुलावर नेते. इथली चोर तिथली राखणदार आहे.

यंदा आम्ही एक केलं. शेजारच्या दोघांशी बोललो आणि तिघांनी बांधाला बांध लावून ज्वारी पेरली. राखण पाळीपाळीनं. थवा आला तरी मार एकावरच पडायला नको. हे कितपत साधलं, ते माघात खळ्यावर कळेल.

सध्या कणसं दुधात आहेत. गोफण भावाच्या हातात आहे. बांधाकडेच्या चार ओळी मात्र तोही सोडतो.