शेक घेण्याआधी दात दाखवा



आपल्याकडे खर्रा गावोगावी पोचला आणि त्याच्या मागून तोंडाचा कॅन्सरही. मग नागपूरला जाऊन रेडिएशन, म्हणजे आपण म्हणतो तो ‘शेक’, घ्यावा लागतो. शेकाने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. हाडाला रक्त कमी पडतं. पुढे कधी, अगदी काही वर्षांनीही, दात उपटला तर जखम भरत नाही. हाड उघडं पडतं, पू येतो, कधी जबडाच मोडतो. खालच्या जबड्याला हा धोका जास्त.

म्हणून शेक सुरू होण्याआधीच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. खराब दात दोन-तीन आठवडे आधी काढले, तर जखम भरायला वेळ मिळतो. नंतर दात दुखला, तर ‘मी शेक घेतलाय’ हे आधी सांगा. परस्पर दात उपटू नका.

हाड उघडं पडलंच, तर जखम धुणं, अँटिबायोटिक आणि इतर गोळ्या देतात. दुखणं वाढलं असेल तर मेलेलं हाड काढतात, गरजेप्रमाणे पायाचं हाड तिथे बसवतात. खर्रा मात्र कायमचा बंद!

गटातल्या कुणाच्या घरी शेक सुरू होणार असेल, तर तिला हे आजच सांगा.